शिष्टरचं सासर पुण्याला

शाळेला पंचवीस वर्षं होणार म्हणून स्मरणिका काढायचं ठरलं आणि 'शाळेचा इतिहास' हे प्रकरण माझ्या गळ्यात पडलं. कारण काय, तर मी मराठीची शिक्षिका! मी बैठक जमवून पहिलं वाक्य लिहिलं, 'माणदेशाच्या ओसाड माळावर लावलेल्या इवल्याशा रोपट्याचा आज वटवृक्ष झाला आहे.' आमचे पी.टी.चे सुभेदार सर खांद्यावरून वाचत होते. म्हणाले, "बाई, आवारात एक कडुलिंब हाय आनि दोन बाभळी. वड कुटं दिसला तुमाला?"

कागद फाडला.

खरं सांगू का, आमच्या शाळेचा इतिहास कागदावर फारसा नाहीच. तो मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये चहाबरोबर सांगितला जातो. नवीन शिक्षक रुजू झाला की पहिल्याच आठवड्यात त्याच्या कानावर सगळं घातलं जातं. कुठला किस्सा कुणी सांगायचा हेही ठरलेलं. माणसं बदलतात, किस्से साचत जातात आणि दर खेपेला थोडे जाडही होतात. आता स्मरणिकेत हे छापतील की नाही मला माहीत नाही, पण मला इतिहास म्हणून एवढंच येतं!

बोर्डावर शाळेचं नाव एका संताच्या नावानं आहे, चांगलं लांबलचक. एस.टी.चा कंडक्टर मात्र 'चला, शिष्टरची शाळा!' म्हणून बेल मारतो. शिष्टर म्हणजे सिस्टर रोझलिन, आमच्या पहिल्या मुख्याध्यापिका. केरळच्या. फिकट करड्या रंगाची साडी, गळ्यात छोटा क्रूस, पायात पुरुषी चपला. ह्या सिस्टर लोकांनी लग्नबिग्न न करता देवाच्या कामाला वाहून घेतलेलं असतं, हे समजायला गावाला वेळ लागला. पुरतं समजलंय असं आजही म्हणवत नाही.

सिस्टरना एकच वेड होतं. ह्या माळावरची एक तरी पोर ह्याच शाळेतून दहावी झालेली डोळ्यांनी बघायची. आमच्याकडं सातवीनंतर मुलींची शाळा संपायची. पुढच्या हायस्कूलला एस.टी.नं जायचं, एस.टी. येईल तेव्हा येणार, मग कशाला पाठवा पोरीला? सिस्टर म्हणायच्या, "पोरगी एस.टी.कडं जात नाही ना, मग दहावीच इकडं आणू."

*

पहिला किस्सा मी पाहिलेला नाही. तो बिरा आबांच्या तोंडून ऐकावा.

बिरा आबा म्हणजे धनगरवस्तीचे कारभारी. भरघोस मिशा, खांद्यावर घोंगडं, आणि मत विचारलं नाही तरी देणारच. दिवाळी झाली की वस्तीवरची माणसं मेंढरं घेऊन चाऱ्याच्या मागं मुलूख हिंडायला निघतात, ती पाऊसकाळाच्या तोंडाला परत येतात; कारभारी म्हणून आबा आणि म्हातारीकोतारी तेवढी मागं राहतात. सिस्टर गावात आल्या त्या ऐन थंडीत. गावात खोली कुणी देईना. आबांचा मेंढवाडा तेव्हा रिकामाच होता. आबा म्हणाले, "मेंढरं येईस्तवर वापरा."

सिस्टरनी वाडा झाडून चुना मारला, फळा टांगला आणि आजी-आजोबांपाशी मागं राहिलेली पोरं गोळा करून बालवाडी सुरू केली. बघता बघता पाऊस आला. एका सकाळी मेंढरं परत आली ती सवयीनं सरळ वर्गात! पोरांना काय, घरचीच माणसं आल्यासारखं झालं. जो तो आपापली मेंढी ओळखून तिच्या गळ्यात पडला.

आबा दारात उभे. "शिष्टर, माजी मेंढरं आली."

सिस्टर खडू खाली न ठेवता म्हणाल्या, "आबा, आपली पोरं पण आली."

आबांनी आत डोकावून पाहिलं. सगळी त्यांच्याच वस्तीची! आता कुणाला बाहेर काढायचं? शेवटी मधोमध तट्ट्या उभा राहिला. एका अंगाला मेंढरं, एका अंगाला बालवाडी. हजेरी घेताना आवाज कुठल्या अंगानं आला ते कळायचं नाही. पुढच्या साली आबांनी शेजारचा माळाचा तुकडा शाळेला देऊन टाकला. पोरांसाठी नव्हे हं, मेंढरांची गैरसोय व्हायला लागली म्हणून!

"त्या साली एक मेंढी पैली पास झाली हुती," असं आबा अजून छातीवर हात ठेवून सांगतात.

*

तरी गावात कुजबुज होतीच. ह्या बाया कुठल्या, कोण, पोरांना काय शिकवतील? त्यांच्याकडचं पाणी प्यावं की नाही, इथपर्यंत चर्चा. आबांनी एक दिवस शाळेत जाऊन, चार माणसांदेखत सिस्टरच्या हातनं तांब्याभर पाणी घेतलं आणि घटाघटा प्यायलं. तो विषय संपला. तेव्हापासून आबा शाळेत आले की पहिलं वाक्य ठरलेलं, "शिष्टर, पाणी द्या." त्यांच्या हातचं पाणी गोड लागतं म्हणायचे.

पण शाळेचा प्रश्न मोठा, तो देवाला विचारायला हवा. बिरोबाच्या देवळात पूजेचा मान आबांच्याच घरात. त्यांनी देवाला फुलं लावून कौल लावला. उजवं फूल पडलं. आबा तडक शाळेत. "शिष्टर, आमच्या द्येवाची हरकत न्हाई. तुमी तुमच्या द्येवाला इचारलं का?"

सिस्टर म्हणाल्या, "आबा, आमच्यात आधी पुण्याला विचारतात."

मग त्यांनी समजावून सांगितलं. पुण्याला त्यांच्या संस्थेचं मोठं घर आहे, तिथं मोठ्या मदर असतात. खोली बांधायची, मदरना विचारायचं. गावाला जायचं, मदरना विचारायचं. कुठल्या गावी राहायचं आणि कधी तिथून उठायचं, तेही मदरच ठरवणार. आबा मन लावून ऐकत होते.

"सुट्टीला म्हायेरी जायाचं तरी तुमच्या हातात हाय का न्हाई?"

"नाही आबा. तेही मदर सांगतील तेव्हा."

आबांनी पारावर येऊन गावाला खुलासा केला. "लय सोपं हाय. पुणं तिचं सासर. मोठी मदर म्हंजी सासू. आनि बिचारीचं म्हायेर तिकडं केरळात. मग हितं तिला कोन हाय? आपुनच की!"

झालं! सिस्टरनी नंतर किती वेळा तरी आबांना बसवून समजावलं, सासर नाही, सासू नाही, तसं काही नसतं. आबा प्रत्येक वेळी मान डोलवायचे आणि म्हणायचे, "व्हय, त्येच म्हनतोय मी."

*

मी आले कराडकडून. कृष्णाकाठचं उसाचं गाव आमचं, दारापुढं पाट वाहायचा. इथं लग्न होऊन आले तर पाण्याचा टँकर आला की शाळेची घंटा वाजायची! मराठी शिकवायला रुजू झाले त्या दिवशी माझ्या मनात होतं, केरळच्या बाई, मराठी कच्चं असणार, आपण सुधारू. सिस्टर मला बघून म्हणाल्या, "या बाई, बसा. आज लय ऊन हाय, न्हाई का?" सूर केरळचा आणि शब्द धनगरवस्तीचे. मराठी त्या पोरांकडून शिकल्या होत्या. मी सुधारणेचा बेत तिथंच रद्द केला.

पालकसभा लावली तर एकही पालक यायचा नाही. सिस्टर म्हणाल्या, "ते येत नाहीत ना, मग आपण जाऊ. सगळे पालक बुधवारी कुठं असतात?" बुधवारी सगळे आठवडी बाजारात! मग काय, एका बाजूला कांद्याचा ढीग, दुसऱ्या बाजूला शेळ्यांचा बाजार, आणि मधे आमचं टेबल-खुर्ची. पालक पिशवी सांभाळत यायचे, पोराचं ऐकायचे, पुढं जायचे.

पहिल्याच सभेत मी एका आईला सांगितलं, "तुमचा संतोष गृहपाठ करत नाही." बाजारातला गोंगाट, म्हणून जरा मोठ्यानं सांगितलं. पुढच्या बुधवारी संतोष कांदे आणायला गेला. कांदेवाली मावशी तराजू खाली ठेवून म्हणाली, "गृहपाट झाला का रं?" पुढं भजीवाल्यानं तेच विचारलं. शेळ्यांच्या दलालानं तर वही दाखव म्हणून अडवून धरला!

गुरुवारी संतोष माझ्यासमोर येऊन उभा राहिला. डोळ्यांत पाणी. "बाई, वर्गात कायबी शिक्षा करा, पर बाजारात सांगू नगा."

तो हल्ली त्याच बाजारात खतांचं दुकान चालवतो. आमचं पालकसभेचं टेबल त्याच्याच दुकानापुढं लागतं आणि खुर्च्याही तोच देतो.

*

सुभेदार सरांविषयी थोडं सांगायला हवं. ते फौजेतून रिटायर होऊन शाळेत आले, शाळेतूनही रिटायर झाले, तरी रोज सकाळी प्रार्थनेला हजर! ड्यूटी संपली असं त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही आणि सांगायची कुणाची हिंमत नाही.

त्यांना शाळेचं बँड पथक हवं होतं. एकदम मिलिटरी. कुठून तरी जुना मोठा ड्रम मिळवला, पोरांची कवायत बसवली आणि प्रजासत्ताक दिनाच्या संचलनाला तालुक्याला घेऊन गेले. मैदानावर उतरायच्या आधीच ड्रम फाटला! सरांचा चेहरा पडला. बिरा आबा पोरांचं कौतुक बघायला आले होते आणि त्यांच्याबरोबर वस्तीवरचा ढोलवाला. आबा म्हणाले, "आवं सुभेदार, रडताय कशापायी? ढोल हाय की!"

वेळच नव्हता. सर म्हणाले, "वाजवा, पण सीधा वाजवा. लेफ्ट, राइट. बस्स!"

ढोलवाल्यानं सुरुवात सीधीच केली. पण जन्मभर धनगरांच्या गजी नाचाला वाजवलेले हात ते, मंचाजवळ येईतो ठेका फिरला. पोरं वस्तीचीच, पायांना सांगावं लागलं नाही. अख्खी तुकडी डुलत, गिरक्या घेत मंचापुढनं गेली. सर सगळ्यात पुढं, हात सॅल्यूटला, मान ताठ, डोळे समोर. मी नीट पाहिलं, सरांचेही पाय ठेक्यात पडत होते!

मंचावरच्या साहेबांनी सलामी घेतली की ताल धरला, ह्यावर स्टाफरूममध्ये अजून एकमत नाही. पहिलं बक्षीस मात्र आम्हालाच मिळालं. बँडचा विषय सरांनी पुन्हा काढला नाही.

*

नाताळच्या नाटकाचा किस्सा सांगायचा मान माझा.

दर नाताळात मुलं येशूच्या जन्माचं नाटक करतात. आमच्या शाळेत राजा व्हायला कुणी तयार नसतं, सगळ्यांना मेंढपाळच व्हायचं असतं. त्या वर्षी सिस्टरनी मेंढपाळांना रंगीत झगे घातले, डोक्याला टॉवेल बांधले. पहिल्या रांगेत बसलेले आबा उठून उभे राहिले. "आसला मेंढका आसतोय व्हय? घोंगडं कुटाय? काटी कुटाय?" पाच मिनिटांत वस्तीवरनं घोंगडी आणि काठ्या आल्या. मेंढपाळ एकदम खरे दिसायला लागले.

नाटक पुढं सरकलं. देवदूत आला. देवदूत म्हणजे आबांची नात सारिका, तेव्हा चौथीत. तिनं आनंदाची बातमी सांगितली. मेंढपाळ म्हणाले, "चला, आपण बाळाला बघायला जाऊ!" आणि सगळे निघाले.

"थांबा!" आबा पुन्हा उभे.

नाटक थांबलं.

"मेंढरं कुनापाशी ठिवून निगाला रं?"

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. सिस्टर पडद्याआडून म्हणाल्या, "आबा, ते पुस्तकात लिहिलेलं नाही."

"पुस्तकात नसंल. पर रातच्याला कळप उगडा टाकून मेंढका जायाचा न्हाई. एकजन मागं राह्यलाच पायजे. बाकीच्यांचं समदं त्याच्या जिवावर आसतंय."

सभागृहातल्या सगळ्या माना हलल्या. बोलणं तर खरंच होतं! शेवटी एका मेंढपाळाला मागं बसवलं तेव्हा कुठं बाकीच्यांना बाळाकडं जाऊ दिलं गेलं. तेव्हापासून आमच्या नाटकात एक पात्र जास्तीचं असतं, मागं राहणारा मेंढपाळ. त्याला एकही वाक्य नाही, पण टाळ्या सगळ्यात जास्त त्यालाच पडतात.

*

सारिका सातवी झाली आणि त्याच वर्षी आमच्या आठवीला परवानगी आली. सिस्टरना आकाश ठेंगणं झालं. आठवी आली म्हणजे पाठोपाठ नववी, मग दहावी!

पण दिवाळी आली. वस्ती मेंढरं घेऊन निघायच्या तयारीला लागली. सारिका आता मोठी झालेली, स्वयंपाकाला, कोकरं सांभाळायला उपयोगी. एरवी मागं राहणारी आबांसारखी माणसंही यंदा निघाली होती, म्हणून तिलाही न्यायचं ठरलं. ती गेली की तिच्या मागं वस्तीवरच्या बाकीच्या मुलीही जाणार, आठवीचा वर्ग अर्धा रिकामा, आणि दहावी पुन्हा लांब गेली. सारिका वर्गात बाकावर डोकं ठेवून बसायची. विचारलं की म्हणायची, "काय न्हाई बाई, डोळ्यात कचरा गेलाय."

सिस्टर मला घेऊन वस्तीवर गेल्या. घोड्यांवर सामान लादणं चाललं होतं. आबा म्हणाले, "शिष्टर, तुमचं समदं बरुबर हाय. पर पोरीला मागं ठिवून कसं जायाचं?"

सिस्टर म्हणाल्या, "आबा, सगळे निघालात?"

"समदे."

"मग मागं कोण राहणार?"

आबांनी दोनदा घोंगडं खांद्यावरून काढलं, दोनदा परत टाकलं. शेवटी सुनेकडं वळून म्हणाले, "तिची पेटी उतरवा गं घोड्यावरनं."

सारिका आणि तिच्या बरोबरीच्या मुली त्या रात्रीपासून सिस्टरांच्याच घरात झोपायला लागल्या. आमचं वसतिगृह सुरू झालं ते असं. हल्ली त्याला दोन मजले आहेत. पुढाऱ्यांनी फीत कापली ती पुष्कळ नंतर, पण मी धरते ती तारीख पेटी उतरवल्याची.

*

सारिका नववी पास झाली. दहावीचा वर्ग रंगवून तयार. बाकांना पॉलिश, नवा फळा. आणि पुण्याहून मदरांचा निरोप आला, सिस्टर रोझलिननी पुण्याच्या घरी कामाला यावं. बदली!

त्यांच्यात त्यावर बोलायचं नसतंच. सिस्टर दहावीच्या रिकाम्या वर्गात एकट्याच जाऊन थोडा वेळ बसल्या आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "बाई, खिडकीची कडी बसवून घ्या, वाऱ्यानं आपटते." मला रडू आवरेना.

गावानं मात्र फारसा आरडाओरडा केला नाही. आबांनी सगळ्यांना आधीच सांगितलं होतं, "लेक कवा तरी सासरी जायाचीच." निघायच्या दिवशी वस्तीवरच्या बायका ओटी भरायला आल्या. आल्या खऱ्या, पण दारात अडखळल्या. सिस्टरची ओटी भरतात का? कुंकू लावायचं की नाही? आबांची मालकीण, आक्का, सगळ्यांना बाजूला सारून पुढं झाल्या. "मला त्यातलं काय कळत न्हाई. लेकीला मोकळ्या वटीनं धाडायची नसती, यवडं कळतंय." आणि करड्या पदरात तांदूळ आणि नारळ घातला.

केरळच्या बाईला नारळ, तोही माणदेशातून! सिस्टर हसता हसता रडायला लागल्या, मग आम्ही सगळ्याच.

*

वर्ष गेलं. नव्या सिस्टर आल्या, चांगल्या होत्या. सारिकाच्या वर्गानं दहावीची परीक्षा दिली. निकाल जवळ आला तसे आबा बेचैन. एक दिवस मला आणि सुभेदार सरांना म्हणाले, "चला पुण्याला. लेकीला आनायची. मी मुराळी."

सर म्हणाले, "आबा, ते कॉन्व्हेंट आहे. तिथं असं मुराळी-बिराळी चालत नाही!"

"तुमी नुसतं संगं चला. बोलतो मी."

मे महिन्याचं ऊन. पुण्याच्या त्या मोठ्या घरात आम्हाला दिवाणखान्यात बसवलं. आबा सोफ्याच्या अगदी कडेवर टेकले, घोंगडं मांडीवर. मोठ्या मदर आल्या. पांढरे केस, चष्मा, वसईच्या. आणि पाण्याचा ट्रे घेऊन कोण आलं? सिस्टर रोझलिन! वर्षभरात वाळल्या होत्या. आम्हाला बघून ट्रेवरचे पेले वाजले.

मी पाणी घेतलं, सरांनी घेतलं. आबांनी हात जोडले. "नगं."

"आबा, उन्हातून आलात, घ्या ना."

"नगं म्हनलं."

सिस्टरचा चेहरा उतरला. "इतकी वर्षं माझ्या हातचं पाणी मागून घेत होतात की!"

"ते आपल्या गावात. हितं न्हाई." आबा शांतपणे म्हणाले. "लेकीला लेकरू झाल्याबिगर तिच्या सासरचं पानी आमी पीत न्हाई. आमच्यात चालत आलंय ते."

सुभेदार सरांनी टोपीनं तोंड झाकून घेतलं. लढाईत डगमगले नसतील इतके ते त्या सोफ्यावर डगमगले. सिस्टर ट्रे घेऊन तशाच आत पळाल्या, हसायला की रडायला ते कळलं नाही. मी मदरांच्या चेहऱ्याकडं बघायचं धाडसच केलं नाही.

मदर समोरच्या खुर्चीत बसल्या. मग म्हणाल्या, "बदली झालेल्या सिस्टरनी लगेच जुन्या गावी जायचं नाही, असा आमचा रिवाज आहे. नव्या सिस्टरला जम बसायला हवा."

"आमचाबी रिवाज हाय," आबा म्हणाले. "पैल्या सालाला लेक म्हायेरी आनायची. आता कुनाचा रिवाज मोडायचा, ते तुमीच सांगा."

मदरांनी चष्मा काढून पुसला. वसईच्याच त्या, मराठी घरात वाढलेल्या. म्हणाल्या, "मुराळी कोण आलंय? भाऊ की बाप?"

आबांनी मान खाली घातली. "बाप," ते म्हणाले.

"किती दिवस ठेवणार?"

"निकाल लागंस्तवर. परत घालायला मीच येतो."

"उद्या सकाळच्या गाडीनं न्या," मदर म्हणाल्या आणि उठून आत गेल्या.

रस्त्यावर आल्यावर सर आबांवर चिडून दहा पावलं पुढंच चालायला लागले. आबांना त्याचं काही नव्हतं. कोपऱ्यावरच्या हॉटेलात शिरले आणि पोऱ्याला म्हणाले, "च्या नगं. पान्याचा जगच ठेव हितं."

*

निकालाच्या दिवशी दुपारी अख्खी वस्ती शाळेच्या गच्चीवर. रेंज तिथंच येते. सुभेदार सरांनी मोबाईल वर धरलेला, सगळ्यांच्या माना त्याकडं. साइट काही उघडेना. सिस्टर रोझलिन कठड्याशी उभ्या, हातात जपमाळ. आबा त्यांच्या शेजारी, ओठ हलताहेत, म्हणजे बिरोबाला साकडं. दोन्हीकडून अर्ज गेलेला!

निकाल उघडला. सर एकेक नाव वाचत गेले. पास. पास. पास. सारिकाचं नाव आलं तेव्हा सरांचाच आवाज चिरकला. "फर्स्ट क्लास! डिस्टिंक्शन!" सगळा वर्ग पास! सारिका गर्दीतून वाट काढत आली आणि सिस्टरच्या पाया पडायला वाकली. सिस्टरनी तिला मधेच धरून छातीशी घेतलं. त्या दोघी कितीतरी वेळ तशाच उभ्या होत्या. आक्का खालून भाकरीचा तुकडा घेऊन आल्या आणि दोघींवरनं एकदमच ओवाळून टाकला.

आबा मधेच कुठं तरी गायब झाले होते, ते मिठाईचे खोके घेऊन आले. सरांनी उघडून बघितलं. बर्फी!

"आवं आबा, निकालाला पेढं वाटत्यात! बर्फी पोरगी झाल्यावर!"

"ठावं हाय मला," आबा म्हणाले आणि अख्ख्या गावाला बर्फी वाटली.

दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे आम्ही सिस्टरना परत घालायला पुण्याला गेलो. तोच दिवाणखाना, तोच सोफा, आबा त्याच कडेवर टेकलेले. मदरांनी निकाल विचारला, मी सांगितला. सिस्टर आत गेल्या आणि सवयीनं ट्रे घेऊन आल्या. आता त्यांना माहीत होतं, म्हणून दोनच पेले आणले होते, एक सरांना, एक मला.

आबांनी हात पुढं केला. "माजा गिलास?"

सिस्टर ट्रे धरून उभ्याच राहिल्या. मी माझा पेला आबांना दिला. त्यांनी तो दोन्ही हातांत घेतला, कपाळाला लावला, एका दमात रिकामा केला आणि मिशा पुसल्या.

मग मदरांकडं बघून म्हणाले, "गार हाय. आनकी एक द्या."